भूक नाही, मग जेवायचं कशाला?

प्रश्न : माझं वय ५२. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. आता डॉक्टरांनी वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुरू केलंय. वजन उतरतंय, पण भूक अशी लागतच नाही. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी अर्धी पोळी आणि भाजी, रात्री दोन घास भात, एवढ्यावर दिवस निघतो. घरचे रागावतात. वजन कमीच करायचंय आणि भूकही नाही, तर न जेवणं चांगलंच नाही का? आणि एकादशी धरली तर चालेल? (मी अंडं खाते, मांस-मासे नाही.)
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, घरचे रागावतात ते काळजीपोटी आणि त्यांचं बरोबर आहे. तुम्ही लिहिलेल्या आहारावर वजन उतरेल, पण चरबीबरोबर अंगातली ताकदही जाईल.

आधी हे औषध करतं काय ते पाहू. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते इन्सुलिन वाढवतं, जठरातलं अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतं आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूला देतं. आपलं स्वतःचं जीएलपी-१ काही मिनिटांत नाहीसं होतं. इंजेक्शनातलं सेमाग्लुटाइड त्याच्यासारखंच काम करतं, पण आठवडाभर टिकतं. म्हणजे शरीराची अन्नाची गरज संपलेली नाही, तिची आठवण करून देणारी घंटा तेवढी बंद आहे. आता भुकेवर विसंबून चालायचं नाही, घड्याळ पाहून जेवायचं.

या औषधाची वजनासाठीची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ६८ आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. त्यातल्या काही जणांच्या शरीराचं स्कॅन केलं, तेव्हा उतरलेल्या वजनात साधारण ४० टक्के वाटा चरबी सोडून बाकीच्या भागाचा निघाला. स्नायू त्यातच मोडतात. कोणत्याही उपायाने वजन भराभर उतरलं की थोडे स्नायू जातातच, पण आपल्याकडे हे जास्त महाग पडतं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला होता : पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्या माणसांच्या अंगात सारख्याच वजनाला चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, ही गोष्ट त्या एका फोटोतून जगाला कळली. मुळात शिल्लक थोडी, त्यातून पन्नाशीनंतर ती आपोआप घटू लागते. जिना चढताना, खाली बसून उठताना हेच स्नायू उपयोगी पडतात. साखर मुरवायचं मोठं कामही त्यांचंच.

म्हणून पोटात जी थोडी जागा उरली आहे तिच्यावर पहिला हक्क प्रथिनांचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उतरत असताना १.२ ग्रॅमपर्यंत जावं. तुमच्या उंचीला साजेसं वजन ६० किलो धरलं, तर दिवसाचे ७० ग्रॅमच्या आसपास होतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

सत्तर ग्रॅम ऐकून घाबरू नका. सकाळी बिस्किटांऐवजी दोन अंडी आणि कपभर दूध घेतलं की १८ ग्रॅम झाले. दुपारी ताट वाढून घेतलं की हात आधी मटकीच्या उसळीकडे जाऊ दे. वाटीभर घट्ट उसळ संपवायची, मग भाजी, आणि जागा उरली तर अर्धी भाकरी. आपण उलट करतो. पहिल्या चार घासांत पोळी जाते, पोट भरतं आणि उसळ वाटीत तशीच राहते. संध्याकाळी मूठभर फुटाणे खा. रात्री पातळ वरणाऐवजी घट्ट वरण किंवा मुगाचं धिरडं, जोडीला ५० ग्रॅम पनीर, त्यात नऊ ग्रॅम मिळतील. चक्का तर मला या औषधावरच्या माणसांसाठी फार मोलाचा वाटतो. अर्धा लिटर दुधाचं दही फडक्यात टांगलं की वाटीभर चक्का उरतो, त्यात १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि तो मळमळतानाही खाली उतरतो. साखर न घालता जिरं-मीठ लावून खा.

नुसतं खाऊन स्नायू टिकत नाहीत, त्यांना कामही लागतं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड काढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, असं काहीतरी आठवड्यातून दोन-तीनदा करा. फिरायला जात असाल तर ते चालू ठेवा, पण तेवढं पुरत नाही.

आता एकादशी. ग्लिमेपिराइड चालू असताना स्वतःच्या मनाने उपवास धरू नका. तुम्ही जेवलात की नाही हे न पाहता ती गोळी इन्सुलिन सोडायला लावते. त्यात इंजेक्शनाने जेवण निम्म्यावर आलेलं. साखर एकदम खाली गेली की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि हे झोपेतही होऊ शकतं. तुमचं सध्याचं खाणं बघता, उपवास नसतानाही या गोळीचा डोस कमी करावा लागेल का, हे डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. त्यांनी परवानगी दिली तरी निर्जळी नको. साबुदाणाही नको : तो जवळपास निव्वळ पिष्ट, वर तेल-तूप. आधीच हळू रिकाम्या होणाऱ्या जठरात असं तेलकट अन्न तासन्‌तास बसून राहतं आणि मळमळ वाढते. त्याऐवजी दूध, ताक, पनीर, राजगिरा, थोडी भगर आणि दाण्याची पातळ आमटी घ्या. अर्थात थोड्या थोड्या वेळाने, एका वेळी थोडंच.

मळमळ बहुधा डोस वाढवल्यावर काही दिवस होते. तेव्हा मुगाची मऊ खिचडी, पेज, नाचणीची आंबील यांवर राहा. पोट भरल्यासारखं वाटलं की तिथेच थांबा, 'ताटात टाकू नये' म्हणून शेवटचा घास ढकलू नका. सोडा आणि तळलेलं टाळा. बद्धकोष्ठता झाली तर आधी पाणी वाढवा, कारण भुकेबरोबर तहानही मंदावते. मग पालेभाजी, पेरू, गरज पडली तर इसबगोल. केस गळू लागले तर तेलं बदलत बसू नका. भराभर वजन उतरल्यावर काही महिन्यांनी ते होतं. हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्या. बी-१२ तर नक्कीच तपासा, कारण मेटफॉर्मिनने ते घटतं आणि शाकाहारात ते मुळातच कमी असतं.

पोटात वरच्या बाजूला जोराचं दुखून पाठीकडे कळ जात असेल, जेवणानंतर उजव्या बरगडीखाली वारंवार दुखत असेल किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर घरी वाट न पाहता दवाखान्यात जा. स्वादुपिंडाची सूज आणि पित्ताशयातले खडे हे दोन्ही त्रास या औषधावर होऊ शकतात. आणि दिवसभर पाणीही पोटात टिकत नसेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचं इंजेक्शन घेऊ नका.