प्रभावळ आधी काढू नकोस

चि. भाचीस,

तुझ्या चित्रकथेची पानं मिळाली. गळ्यात तुळशीची माळ आणि डोक्यामागे प्रभावळ असलेला तुझा सुपरहिरो उडतो झकास, पण माळ काढून टाकली तरी गोष्टीत काही फरक पडत नाही, हे तुलाही जाणवलंच असेल. श्रद्धाही आपली आणि सिनेमा-मालिका-कॉमिक्सचं वेडही आपलं, मग दोन्ही एका पानावर नांदवायची कशी, असं तू विचारतेस. हा पेच जुना आहे. तो ज्यांनी सोडवला त्यांच्याबद्दलच लिहितो.

1584 साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणारे संत एकनाथ तेच आणि विंचवावर भारूड रचणारेही तेच. वासुदेव, जोशी, जोगवा, फुगडी, भूत असं गावात जे चालायचं, ते त्यांनी जसंच्या तसं उचललं. रोडग्याचं भारूड आठव. सासुरवाशीण भवानीआईला नवस बोलते आणि मागते काय, तर सासू, सासरा, जाऊ, नणंद या सगळ्यांचा बंदोबस्त! शेवटी नवऱ्यालाही सोडत नाही. बायका आजही त्यावर पदर तोंडाला लावून हसतात. मग ‘मला एकटीलाच राहू दे’ म्हणताना तेच मागणं संसाराच्या पाशातून सुटण्याचं होऊन जातं. पण नाथांनी सासूला आधी खरीखुरी सासू होऊ दिलं. अध्यात्म सांगायची घाई झाली असती तर हसूही गेलं असतं आणि अर्थही.

चित्रपटकार फाळक्यांचं उलट झालं. त्यांना अर्थ आधी दिसला, तोही परक्या चित्रपटात. गिरगावातल्या तंबूत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली, असं त्यांनीच पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिलं. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यातून आला. दुसऱ्याच्या देवाची गोष्ट पाहून हा माणूस चिडला नाही की पाघळून तीच गोष्ट पुन्हा सांगत बसला नाही. त्यानं आधी कॅमेरा कसा चालतो ते शिकून घेतलं.

आणि ‘संत तुकाराम’! 1936, प्रभात. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. एका मुसलमान कलावंतानं देहू उभं केलं यात तेव्हा कुणाला नवल वाटलं नसावं. आज आपल्याला वाटतं, हे आपल्याबद्दल जास्त सांगतं. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, संगीत नाटकांत स्त्रीभूमिका केलेले गायक नट. पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला. त्यातले चमत्कार ट्रिकसीनच्या कसबानं केलेले आहेत, वैकुंठाला जाणारं विमानही. पण मला विचारशील तर चित्रपट पेलला तो गौरी या नटीनं उभ्या केलेल्या जिजाईनं, तुकोबांच्या बायकोनं. मूल आजारी पडतं तेव्हा ही बाई हातात वहाण घेऊन देवळात जाते आणि विठ्ठलाची हजेरी घेते. चूल, म्हैस, पोरं, कावलेली बायको, हे सगळं इतकं खरं आहे की शेवटी विमान आलं तरी प्रेक्षक त्याला हरकत घेत नाही. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं बीजावरचं पद अनेकांना तुकोबांचंच वाटलं. कवीला याहून मोठी बिदागी कुठली?

तू 1975 च्या ‘जय संतोषी माँ’चं उदाहरण देशील, म्हणून आधीच लिहितो. ‘शोले’च्या वर्षी या कमी खर्चाच्या चित्रपटानं थिएटरचं देऊळ केलं, लोक चपला बाहेर काढत, पडद्यावर नाणी उधळत. 1987 मध्ये ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा टीव्हीला हार घातले गेले. ही भक्ती खोटी नव्हती. पण ती प्रेक्षक घरून घेऊनच आला होता, आणि कलावंतानं तिच्यावर विसंबून राहू नये. तुझ्या नायकाची माळही नेमकी अशीच विसंबलेली आहे.

माणसं रागावतील याचीही तयारी ठेव. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांकडे शिकून आले आणि येशूची आई मारिया साडीचोळीत, सावळी रंगवू लागले. गोव्यातल्याच धर्मबांधवांना ते रुचलं नाही. ते पुण्याला आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून तशीच चित्रं काढत राहिले. त्यांनी लोकांशी वाद घातला नाही, आणि साडीही बदलली नाही.

आता तुझ्या पानांविषयी. तिसऱ्या पानावर कोपऱ्यात पावसात भिजून लिफ्टबाहेर थांबलेला डिलिव्हरीवाला पोरगा आहे. रहिवाशांच्या लिफ्टमध्ये त्याला घेत नाहीत, म्हणून तो जिने चढतो. नायक मात्र खिडकीतून उडून आत येतो! मला त्या पोराची गोष्ट हवी आहे. त्याचं ॲप, त्याचं रेटिंग, उशीर झाला की कापले जाणारे पैसे, हे त्याच्याचसारख्या चार जणांशी बोलून नीट समजून घे. सातव्या मजल्यावर दार उघडणारी व्यक्ती कोण, ते मात्र तू ठरव; तिथे विठ्ठल काढायचाच असेल तर शेवटच्या चौकटीपर्यंत थांब, आणि नाही काढलास तरी मी विचारणार नाही.

दुसरा खर्डा पोस्टानं पाठव, फोनवर मला चौकटी नीट दिसत नाहीत. फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणला जाणार आहे. रजा मिळाली तर चल, भारूड करणाऱ्यांची रेखाटनं तरी होतील.

तुझा,
मामा