ओव्हरक्लॉक फसला, डिस्प्ले गेला: खिशाला किती पडेल?

बायोसमध्ये प्रोसेसरचा वेग वाढवून सेटिंग सेव्ह केलं, मशीन रिस्टार्ट झालं; पंखे फिरताहेत, दिवे लागलेत आणि स्क्रीन मात्र काळी. ईटसारख्या गावाहून असं मशीन पोत्यात घालून लगेच भूम किंवा बार्शी गाठायची घाई करू नका. बहुतेक वेळा काहीही जळालेलं नसतं. दिलेला वेग प्रोसेसरला पेलत नाही आणि बोर्डाने तोच लक्षात ठेवलाय, म्हणून दर वेळी गाडी तिथंच अडते. ते सेटिंग पुसणं एवढीच दुरुस्ती.

आधी फुकटातलं. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना, पाहा. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरला बोर्डाच्या पोर्टवर डिस्प्ले मिळतच नाही. दोन-तीनदा बंद-चालू करून पाहा. बरेच बोर्ड फसलेलं सेटिंग आपणहून सोडून देतात.

नाहीच आलं, तर वायर प्लगमधून काढा आणि पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून उरलासुरला करंट उतरवा. कॅबिनेट उघडल्यावर बोर्डावर रुपयाएवढा गोल सेल दिसेल, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो अनेकदा ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असतो. कार्ड ओढण्याआधी स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबा. घाईत ती तुटली की एक खर्च वाढला. सेल काढून दहा मिनिटं थांबा. काही बोर्ड सेटिंग फ्लॅश चिपमध्ये ठेवतात, तिथं सेल काढून भागत नाही. मग ‘सीएलआर सीमॉस’ किंवा ‘जेबॅट१’ लिहिलेल्या दोन पिना वायर काढलेलीच असताना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा. कोणत्या पिना, हे बोर्डाच्या पुस्तिकेत पाहूनच. सेल जुना असेल तर नवा घाला, साधारण पन्नास रुपये.

आता सेल, कार्ड, वायर परत लावून चालू केल्यावर धीर धरा. डीडीआर ५ रॅम असलेली मशीनं सेटिंग पुसल्यावर रॅम पुन्हा जुळवून घेतात आणि तेवढ्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. नेमकं तेव्हाच लोक वैतागून बटण दाबतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

डिस्प्ले आला की तारीख-वेळ आधी लावा, नाहीतर वेबसाइट उघडणार नाहीत. विंडोजने बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली तर घाबरू नका; ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

एवढ्यानेही नाही झालं तर दुकान. इथले आकडे अंदाजाचे आहेत, दुकानागणिक बदलतील. नुसत्या तपासणीचे तीनशे ते पाचशे. बायोस चिप पुन्हा लिहायची तर पाचशे ते हजार. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, गेलाच असेल तर चांगल्या कंपनीचा दोन-अडीच हजारांपासून पुढे. नवा बोर्ड साध्यातला साधा पाच-सहा हजारांचा. प्रोसेसर जळणं यात सगळ्यात विरळा. व्होल्टेज बेताल वाढवलं असेल तरच त्याची धास्ती. म्हणून ‘बोर्ड गेला’ हे ऐकून पैसे काढू नका. तुमचा प्रोसेसर दुसऱ्या चालू बोर्डावर लावून दाखवायला सांगा. आणि कुणी ‘फॉरमॅट मारू’ म्हणालं तर मशीन उचला. डिस्प्लेच्या आधी विंडोजचा नंबरच लागत नाही. फॉरमॅटने फक्त तुमचे फोटो जातील.

वॉरंटीचं स्पष्ट बोलायला हवं. ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान इंटेल आणि एएमडी दोघांच्याही वॉरंटीत बसत नाही. इंटेल जादा पैसे घेऊन अशा प्रोसेसरला संरक्षण देत असे, ती योजना २०२१ मध्ये बंद झाली. बोर्ड वॉरंटीसाठी पुण्याला पाठवायचाच तर प्रोसेसरच्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण लावा; पिन वाकलेली दिसली की दावा फेटाळला जातो.

दुकानात मशीन सोडताना बोर्ड आणि प्रोसेसरचे सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या, बदललेला जुना भाग परत मागा. अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, पण पावती मात्र लागतेच.