स्कापा फ्लोला उतरण्याआधी

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांच्या मधोमध स्कापा फ्लो हे विस्तीर्ण नैसर्गिक बंदर आहे. 21 जून 1919 रोजी तिथे अडकवून ठेवलेल्या जर्मन आरमाराने रिअर अ‍ॅडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांच्या हुकुमावरून स्वतःचीच जहाजे बुडवली. 74 पैकी 52 तळाशी गेली. बहुतेक पुढे भंगारासाठी वर काढली; तीन मोठ्या युद्धनौका आणि चार क्रूझर मात्र अजून तिथेच आहेत.

तारकर्लीच्या उबदार पाण्यात शिकलेल्या डायव्हरला इथली थंडी वेगळाच धडा देते.

‘कोल्न’ या क्रूझरवर, तीस मीटरच्या आसपास, आमच्यातल्या एकाच्या रेग्युलेटरमधून हवा धो धो सुटू लागली. वसंतातले पाणी जेमतेम आठ अंशांचे होते. सिलिंडरमधली दाबाखालची हवा प्रसरण पावताना आणखी गार होते. झडपेत बर्फ धरला की ती उघडीच राहते. त्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, त्यामुळे भरलेला सिलिंडरही बघता बघता रिकामा होतो. जोडीदार हाताच्या अंतरावर होता. त्याने आपला पर्यायी रेग्युलेटर पुढे केला, सुटलेल्या सिलिंडरची झडप बंद केली आणि दोघे नांगरदोरीला धरून सावकाश वर आले. पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबाही त्यांनी चुकवला नाही. जहाजाच्या आत असते, तर तो जोडीदार एवढ्या झटपट पोहोचला असता का?

म्हणून पहिली गोष्ट: रेग्युलेटर थंड पाण्याचाच हवा. युरोपीय मानकानुसार ज्यावर ‘10 अंशांपेक्षा अधिक’ अशी खूण असते, तो इथे आणू नये. दुसरी: ड्रायसूटचा सराव आधी उथळ पाण्यात करावा. सूटमधली हवा पायांकडे गेली, की माणूस उलटा होऊन वर फेकला जातो.

आत शिरण्याचे वेगळे प्रशिक्षण नसेल, तर बाहेरूनच पाहावे. क्रूझर कलंडून पडल्या आहेत, त्यामुळे डेक भिंतीसारखा उभा दिसतो; मोठ्या नौका तर जवळजवळ उलथ्या आहेत. आत दिशा कळत नाही, आणि एका फटकाऱ्याने गाळ उठला, की टॉर्चही कामाचा राहत नाही. प्रशिक्षितांनीही परतीची दोरी बांधावी आणि एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली अडचणीसाठी, हा हिशेब मोडू नये. 1992 मध्ये न्यू जर्सीजवळ ‘यू-869’ या बुडालेल्या जर्मन पाणबुडीवर उतरलेल्या बाप-लेकांपैकी मुलगा आत अडकला. वडिलांनी त्याला सोडवले, पण दोघे आवश्यक थांबे न घेता वर आले आणि दोघांचाही जीव गेला.

स्कापा फ्लोमधल्या या सात जर्मन जहाजांना 2001 मध्ये संरक्षित स्मारकांचा दर्जा मिळाला. तिथून काहीही उचलणे गुन्हा ठरतो. जवळच 1939 मध्ये बुडालेली ब्रिटिश ‘रॉयल ओक’ आहे. तिच्यासह 830 हून अधिक नौसैनिक गेले. ती युद्धसमाधी असल्याने तिथे परवानगीशिवाय डायव्हिंग करता येत नाही, आणि बोट ठरवतानाच हे सगळ्यांना सांगून ठेवावे.