नोंदीची शाश्वती आणि कुलुपाची शिस्त

संगणकाच्या पडद्यावर ‘नोंद जतन झाली’ असा संदेश उमटला की काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. नेहमीच्या पद्धतीत मजकूर प्रथम तात्पुरत्या स्मृतीत थांबतो व सवडीने डिस्कवर उतरतो. मधल्या काळात वीज गेल्यास नोंद नाहीशी होते. म्हणूनच महत्त्वाच्या नोंदीनंतर आज्ञावलीने ‘एफसिंक’ ही आज्ञा देऊन मजकूर डिस्कवर पोहोचल्याची खात्री करून घ्यावयाची असते.

वीज गेल्यावरही मजकूर टिकवणाऱ्या स्मृतीसाठी लिनक्स प्रणालीच्या ४.० या आवृत्तीत, २०१५ साली, ‘डॅक्स’ ही सोय आली. तीमुळे मधला थांबा वगळून थेट साठवणीत लिहिता येते. वेग वाढला, तशी जबाबदारीही वाढली. लिहिलेला मजकूर प्रोसेसरच्या कॅशमध्ये अडकून राहू शकतो. तो योग्य क्रमाने बाहेर काढला नाही, तर ‘नोंद पूर्ण’ ही खूण आधी उमटते आणि प्रत्यक्ष नोंद मागे राहते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. नेटवर्क कार्डासारखी उपकरणे प्रोसेसरची मदत न घेता स्मृतीत परस्पर लिहितात. या पद्धतीस ‘डीएमए’ म्हणतात. फाईल-प्रणालीचे कुलूप आज्ञावलींना अडविते. उपकरणाला मात्र ते दिसत नाही. उपकरण लिहीत असतानाच ती फाईल छाटली गेली आणि मोकळी झालेली जागा दुसऱ्या फाईलला मिळाली, तर एकीचा मजकूर दुसरीत उतरतो. एकाचा नांगर शेतात चालू असताना तेच शेत दुसऱ्याच्या ताब्यात द्यावे, तसा हा प्रकार होय.

यावर २०१८ साली एक्सएफएस व ईएक्सटी४ या फाईल-प्रणालींत उपाय योजण्यात आला. जागा मोकळी करण्यापूर्वी ती कोणा उपकरणाच्या वापरात आहे काय, हे तपासावयाचे. असल्यास वापर संपेपर्यंत थांबावयाचे. नांगर बाहेर आल्यावरच ताबा बदलावा, हाच तो नियम.

इंटेल कंपनीने २०१९ साली बाजारात आणलेल्या ऑप्टेन स्मृतीचा व्यवसाय गुंडाळण्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. तथापि हा धडा उपकरणापुरता मर्यादित नाही. दाखल्यांची, पटाची वा करवसुलीची नोंद संगणकावर ठेवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने आज्ञावली पुरविणाऱ्यास एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘जतन झाले’ हा संदेश मजकूर साठवणीत पोहोचण्यापूर्वी येतो की नंतर? या उत्तरावरच नागरिकाच्या नोंदीची शाश्वती अवलंबून आहे.