माणूस आणि व्यक्ती: दोन शब्दांतील अंतर

गावच्या दूध संस्थेला कोणी माणूस म्हणणार नाही. तिला हातपाय नाहीत, ताप येत नाही, ती पापनिवेदनालाही जात नाही. तरी नोंदणी झाली की ती कायद्याच्या भाषेत ‘व्यक्ती’ ठरते. ती जमीन घेते, कर्ज काढते, कोर्टात फिर्याद लावते. उलट रक्तपेढीतील बाटलीतले रक्त नक्कीच मानवी आहे, पण ती बाटली म्हणजे माणूस नव्हे. मानवी असणे, माणूस असणे आणि व्यक्ती असणे या तीन गोष्टी बोलताना आपण एकाच टोपलीत टाकतो. गर्भपाताच्या वादात त्या वेगळ्या काढाव्या लागतात, कारण तिथे एका शब्दावर एक जीव तोललेला असतो.

शास्त्रापुरते पाहिले तर फारसा वाद नाही. गर्भधारणेपासून जो जीव वाढतो तो मनुष्यजातीचाच. त्याची गुणसूत्रे आईची नव्हेत, बापाचीही नव्हेत, त्याची स्वतःची. भांडण पुढे सुरू होते: अशा जीवाला तुमच्या-माझ्यासारखा जगण्याचा हक्क आहे काय?

१९७३ साली अमेरिकेतील तत्त्वज्ञ मेरी ॲन वॉरेन यांनी असे मांडले की, ‘निरपराध माणसाला मारणे वाईट, गर्भ हा माणूस, म्हणून गर्भपात वाईट’ या युक्तिवादात ‘माणूस’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. पहिल्यांदा तो हक्क असलेल्या व्यक्तीसाठी येतो, दुसऱ्यांदा मनुष्यजातीतील जीवासाठी. व्यक्तीच्या त्यांनी पाच खुणा सांगितल्या: जाणीव, विचारशक्ती, स्वतःहून काही करणे, संवाद आणि स्वतःचे भान. यांतील एकही खूण नसेल तर ती व्यक्ती नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

वाचकहो, युक्तिवाद हुशारीचा आहे, पण त्याची कसोटी पाळण्याजवळ लागते. काल जन्मलेल्या बाळाला भूक कळते, दुखलेले कळते. विचार आणि स्वतःचे भान कुठे असते? मायकल टूली या तत्त्वज्ञाने १९७२ मध्येच हा धागा ओढून नवजात बाळापर्यंत नेला होता. वॉरेन यांनाही पुढे जोडटीप लिहावी लागली. बाळाला मारणे वाईटच, पण त्याची कारणे वेगळी, असे त्यांनी तीत म्हटले. ज्या मापाने आपलीच लेकरे मोजता येत नाहीत ते माप मला खोटे वाटते.

मात्र आपल्या बाजूचा इतिहासही सरळ नाही. संत थॉमस अक्विनास ॲरिस्टॉटलला अनुसरून मानत की, विवेकी आत्मा गर्भ काहीसा घडल्यावर येतो. गर्भपात पापच, असे ते तरीही म्हणत. १९७४ च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने आत्मा केव्हा येतो हा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला आणि म्हटले की, शंका असली तरी जीव घेण्याचा धोका पत्करू नये. आपल्याकडे उसाच्या फडात पाचट पेटवण्याआधी आत मजुराचे पोर निजले आहे की काय हे पाहतात. खात्री नसेल तर काडी ओढत नाहीत. विरोधक यावर म्हणतात की, फडात काय शोधायचे ते आपल्याला ठाऊक असते. इथे आत काय आहे ते दिसतेच आहे, त्याला म्हणायचे काय एवढाच वाद आहे. हे उत्तर हलके नाही.

दुसरी अडचण जुळ्यांची. साधारण पहिले चौदा दिवस एका भ्रूणाची दोन जुळी होऊ शकतात. मग आधी तिथे एक व्यक्ती होती असे कसे म्हणावे? नॉर्मन फोर्ड या ऑस्ट्रेलियातील कॅथलिक धर्मगुरूंनीच १९८८ मध्ये हा प्रश्न पुस्तकात मांडला. शेतकऱ्याला एक उत्तर सुचेल: उसाचे दोन तुकडे लावले की दोन बेटे होतात, म्हणून आधीचा ऊस एक नव्हता असे होत नाही. पण उसाला ‘मी’ म्हणायचे नसते, आणि तिथेच दाखला लंगडा पडतो.

शिवाय गर्भ ही व्यक्ती आहे हे मान्य केले तरी वाद मिटत नाही. ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७१ मध्ये ते वादापुरते मान्य करूनच विचारले: एका व्यक्तीला जगवण्यासाठी दुसरीने आपले शरीर द्यावे, अशी सक्ती करता येते काय? आई ही व्यक्ती आहे याबद्दल कोणालाच शंका नाही. तरीही घरोघरच्या चर्चेत तिचे म्हणणे सर्वांत शेवटी विचारले जाते. ओकाऱ्यांनी खंगलेल्या, रक्त कमी झालेल्या बाईपुढे नुसता शब्दांचा कीस काढणे मला जमत नाही.

आपल्या देशाच्या कायद्याने व्याख्येचा हा प्रश्न सोडवलेला नाही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने कारणे आणि आठवडे ठरवले. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागते आणि ठरावीक स्त्रियांसाठी चोवीसपर्यंत दोघांचे. वारसाचा कायदा मात्र वेगळे बोलतो. गोव्याबाहेरच्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात, बाप वारला तेव्हा पोटात असलेले मूल आणि जन्मलेले मूल यांत भेद नाही. अट एवढीच की ते पुढे जिवंत जन्मले पाहिजे.