आधी आपला टापू

कोल्हापूर,
आषाढी एकादशी

चि. बाळ,


नोकरी सोडून लग्नाच्या फोटोग्राफीत पूर्ण वेळ उतरायचं तू ठरवलंस, हे ताईकडून कळलं आणि मला फार आनंद झाला. मग तू पाठवलेलं रेटकार्ड आणि जाहिरातीचा मजकूर वाचला. वर ठळक अक्षरांत 'भारतभर कुठेही', खाली उदयपूर, जयपूर, केरळ, गोवा. फोनवर आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून सवडीने लिहिते आहे. आजपासून चातुर्मास लागला. सराई सुरू व्हायला चार महिने आहेत, तेवढ्यात पाया घालून घे.

'भारतभर' काढून टाक. निदान पहिली तीन वर्षं तरी. कोल्हापुरातून गाडीने चार-पाच तासांत पोचता येईल तेवढा मुलूख तुझा: बेळगाव, सावंतवाडी-कुडाळ, गोवा, रत्नागिरी-गणपतीपुळे, सातारा-महाबळेश्वर. फिरतं काम म्हणजे लांबचं काम असं तू धरून चालली आहेस. माझ्या मते फिरतं काम टिकतं ते त्याच रस्त्यांवर पुन्हा पुन्हा गेल्याने. कुठल्या कार्यालयात दुपारी उजेड कुठून येतो, कुठल्या गावात रात्री अकराला जेवण मिळतं, कॅमेऱ्याची बॉडी अचानक बंद पडली तर दुसरी कोण देईल, हे ज्या टापूत ठाऊक असतं तिथेच निश्चिंतपणे काम होतं.

उदयपूरचा हिशेब आपण एकदा कागदावर मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, पण प्रमाण साधारण असंच पडतं. तीन दिवसांचं लग्न, जाऊन-येऊन सहा दिवस. तू २,००,००० सांगितलेस. बरोबर सेकंड शूटर आणि व्हिडिओची दोन माणसं. शूटच्या दिवसाचे प्रत्येकी ६,००० आणि प्रवासाच्या दिवसाचे ३,००० धरले तर त्यांचेच ८१,००० झाले. चौघांचा प्रवास आणि वरखर्च ४५,०००. फिल्मचं एडिटिंग आणि अल्बम ५०,०००. सामानाची झीज १०,०००. खर्च १,८६,०००. तुझ्या हातात राहिले १४,०००, आणि त्यापोटी सहा दिवस बाहेर, शिवाय पुढचा महिनाभर कॉम्प्युटरसमोर. आता सावंतवाडीचं दोन दिवसांचं लग्न घे. १,१०,००० ची ऑर्डर, बरोबर दोघे, त्यांचे २४,०००, डिझेल आणि राहणं १०,०००, एडिटिंग-अल्बम ३०,०००, झीज ५,०००. उरले ४१,०००. उदयपूरला तीन लाख मागता येतील, खरं आहे. पण तीन लाख देणारी पार्टी आधी विचारते, अशी किती लग्नं केलीत? ते उत्तर आपल्या टापूतच तयार होतं.

झीज हा शब्द तुझ्या हिशेबात कुठेच नव्हता. पाच लाखांचं सामान चार वर्षांत बदलायला येतं, म्हणजे वर्षाला सव्वा लाख. वर्षाला पंचवीस लग्नं केलीस तर प्रत्येक लग्नामागे ५,००० बाजूला पडायलाच हवेत. जे ते बाजूला टाकत नाहीत त्यांना चौथ्या वर्षी कर्ज काढून कॅमेरा घ्यावा लागतो.

आता कॅलेंडर. या धंद्याचं खरं भांडवल मी तेच समजते. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. कार्तिक-मार्गशीर्षात धावपळ, पौषात शुकशुकाट, माघ-फाल्गुनात पुन्हा काम आणि वैशाखात एकाच तारखेला तिघांची विचारणा. त्यात अधिक महिना कुठे येतो ते दरवर्षी पाहावं लागतं. २०२३ चा अधिक श्रावण चातुर्मासातच पडला, कोणाला झळ लागली नाही. २०२६ चा अधिक ज्येष्ठ मात्र १७ मे ते १५ जून, ऐन सराईत. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त होता, तेव्हा काहींनी गौणकाळातले मुहूर्त धरले आणि पुष्कळांनी लग्नं पुढे ढकलली. ज्यांचं सगळं वर्ष त्या दोन महिन्यांवर अवलंबून होतं त्यांनी काय केलं असेल याचा विचार कर. म्हणून नवं पंचांग हाती आलं की मुहूर्तांच्या तारखा आधी वहीत उतरवून घे आणि त्या वर्षाच्या खर्चाचा अंदाज त्यावरून बांध.

हा टापू निवड असं मी आग्रहाने सांगते त्याचं मोठं कारण इथेच आहे. पौष बहुधा डिसेंबर-जानेवारीत येतो आणि आपल्याकडचे हॉल रिकामे पडतात. गोव्यात नेमकं उलट होतं. तिथली ख्रिस्ती कुटुंबं नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात शक्यतो लग्न करत नाहीत. नाताळ झाला की आखातातून, इंग्लंड-पोर्तुगालहून घरची माणसं आलेली असतात आणि तेव्हा लग्नांचा धडाका उडतो. एक घाट उतरलं की तुझा रिकामा महिना भरतो.

मात्र त्यासाठी तिथली लग्नं मनापासून शिकावी लागतील. लग्नाच्या आदल्या दिवशी घरी रोस असतो, नारळाचा रस वधू-वरांच्या अंगाला लावतात. सगळं घर तिथे हसत-भिजत असतं आणि कॅमेराही भिजतो, तेव्हा जुनी बॉडी ने. नवरीला चुडा भरतात, लाल साडो नेसवतात... नेसवतात म्हणण्यापेक्षा घालतात म्हण, तो पोशाख शिवलेला असतो. चर्चमध्ये पाद्रींना आदल्या दिवशी भेटून कुठे उभं राहायचं आणि फ्लॅश कधी चालणार नाही ते विचारून घे. त्यांच्या वेदीला आपल्या देवघराइतकाच मान दे. रिसेप्शनला टोस्ट आणि वेडिंग मार्च यांची वेळ टोस्टमास्टरकडून समजते. त्याच्याशी ओळख हवीच. आणि गोव्यात कुठल्याही धर्माचं जोडपं असो, नोंदणी कार्यालयात जाऊन सही करतात. त्या अर्ध्या तासाचे फोटो क्वचितच कोणी काढतं. छोटी ऑर्डर आहे, पण त्या दाराने मोठी येते.

आपल्याकडच्या लग्नातही तू गृहीत धरू नकोस. गावागणिक क्रम बदलतो. गुरुजींशी सकाळी दहा मिनिटं बोल: गौरीहार किती वाजता, कानपिळी आहे का, लाजाहोमाला भाऊ कुठल्या बाजूला उभा राहणार. अंतरपाट खाली येतो तो क्षण एकदाच येतो. त्या वेळी सगळे नातेवाईक मोबाइल घेऊन पुढे सरसावतात. तू आधीच गुरुजींच्या खांद्यामागे जागा धरलेली असलीस, आणि सेकंड शूटर समोरून अक्षता टाकणाऱ्यांकडे वळलेला असला, तरच दोघांचे चेहरे आणि आईचे डोळे दोन्ही मिळतील. हळदीला पिवळ्या कापडाचा मांडव असेल तर दुपारी सगळ्यांची कातडी आजारी दिसते. नवरीला मांडवाच्या कडेला, उघड्या सावलीत बसवायला घरच्यांना आधीच राजी कर. संगीत उघड्यावर असेल तर रात्री दहाला स्पीकर बंद करण्याचा नियम आहे. मुख्य नाच साडेनऊच्या आत व्हावा असं यजमानांना आधीच सुचव. असं सुचवणारा फोटोग्राफर त्यांना आपल्या घरातला वाटतो.

तू मुलगी म्हणून एकटी कशी फिरणार ही ताईची काळजी. राहण्याचं नीट ठरवलं की ती बरीच कमी होईल. टीमसाठी स्वतंत्र, आतून कडी लागणारी खोली, हे करारात लिही. आणि रिसेप्शन आटोपून मध्यरात्री आंबोली किंवा फोंडा घाट चढायचा नाही. त्या रात्रीचं राहणं दरातच धर. यात कधीही सूट देऊ नकोस. बाकी मुलगी असणं हे या कामात बळ आहे. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ च्या सुमारास हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका बाईंच्या हाती दिला, कारण पुरुषांना तिथे जाता येत नव्हतं. आजही नवरीच्या खोलीत आई तिच्या केसांत गजरा माळते तेव्हा पुरुष फोटोग्राफर दाराबाहेर उभा असतो आणि तू आत असतेस. तुझ्या जाहिरातीत तलावाच्या महालाऐवजी हे फोटो हवेत.

जाहिरात म्हणून रील टाक, माझी ना नाही. पण रील पाहणारा पुढे जातो. लग्न ठरलेल्या घरातली मुलगी रात्री बसून 'कुडाळ लग्न फोटोग्राफर' असं शोधत असते. तिला सापडायचं तर तुझ्या वेबसाइटवर एकेका लग्नाची पूर्ण गोष्ट हवी, गावाचं आणि कार्यालयाचं नाव घालून, पन्नास-साठ फोटोंची. गुगलवर तुझ्या नावाची नोंद कर आणि अल्बम हाती पडल्याच्या दिवशीच लग्नघराला तिथे चार ओळी लिहायला सांग. त्या दिवशी माणसं भरभरून लिहितात. तुझं सर्वात चांगलं गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात आणि परदेशात बसलं आहे. मूळ गावच्या घरी लग्न करायचं त्यांच्या मनात असतं. मुंबईचा फोटोग्राफर नेणं महाग पडतं आणि गावाजवळचा कोणी त्यांना माहीत नसतो. दुबई-न्यू जर्सीच्या वेळेला फोन उचलणारी, खळ्यातल्या मांडवाला नाक न मुरडणारी तू त्यांना हवी आहेस.

आणि कामं पाठवतात ती माणसं: कार्यालयाचा मॅनेजर, केटरर, डेकोरेटर, मेकअप करणारी, मेहंदीवाली, गुरुजी. कमिशन देऊन ही ओळख विकत घेऊ नकोस, ते दरातून वसूल करावं लागतं आणि शेवटी पार्टीला समजतंच. त्याऐवजी त्यांच्या कामाचे दहा चांगले फोटो, लग्नघराची परवानगी घेऊन, आठवड्याच्या आत त्यांना पाठव. डेकोरेटरला रिकाम्या मांडवाचा स्वच्छ फोटो सहसा कोणी देत नाही. तू दिलास तर वर्षभर तो तुझं नाव सांगेल. लग्नघराला तिसऱ्या दिवशी वीस फोटो, दीड महिन्यात सिलेक्शनसाठी सगळे. अल्बमची जी तारीख सांगशील ती पाळ. १२ बाय ३६ चा करिझ्मा अल्बम सहा महिने लॅबमध्ये अडकला की त्या घरातल्या धाकट्या बहिणीचं लग्न गेलं समज.

करारनामा एका पानाचा असू दे, पण असू दे. बुकिंगला ४० टक्के, हळदीच्या आधी ५०, अल्बम देताना १०. लग्नानंतर हॉल, केटरर, सोनार सगळे रांगेत असतात आणि फोटोग्राफरचा नंबर शेवटी लागतो. प्रवासाची तिकिटं आणि खोल्या यजमानांनी परस्पर काढाव्यात. ते पैसे तुझ्या बिलातून गेले तर तुझी उलाढाल उगाच फुगते, आणि वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी आणि १८ टक्के कर आला. टीमच्या जेवणाची वेळही लिही. मुलं सकाळी सहापासून उभी असतात.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच असतो. म्हणजे त्यांचे फोटो तू तुझ्या जाहिरातीत वापरणार असशील तर तसं लिहून घ्यायला हवं. आणि लिहून घेतलं तरी नवरीच्या खोलीतले आणि लहान मुलांचे फोटो टाकण्याआधी पुन्हा विचार. घरचं कोणी 'नको' म्हणालं तर त्याच मिनिटाला काढून टाक.

सामानाबद्दल तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढंच, की दोन्ही कार्डांवर एकदम रेकॉर्डिंग, त्याच रात्री दोन हार्डडिस्कवर कॉपी, त्या डिस्क दोघांच्या वेगळ्या बॅगांत, आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय एकही कार्ड फॉरमॅट करायचं नाही. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनला चालत नाहीत.

चातुर्मासात काय, असं तू विचारलं होतंस. श्रावणात मंगळागौर असते. ज्यांची लग्नं तू गेल्या सराईत केलीस त्यांचीच मंगळागौर आहे, त्यांना आता फोन कर. लग्नानंतर पाच वर्षं ती पुजतात, म्हणजे एका घरात तुला पुन्हा पुन्हा बोलावणं येऊ शकतं. मग डोहाळजेवण, मग बारसं. त्या घरातलं लहान मूल तुला मावशी म्हणू लागलं की तुझ्या जाहिरातीचा खर्च निम्मा होईल.

रेटकार्ड दुरुस्त करून श्रावण लागायच्या आत मला पाठव. करारनाम्याचा मसुदाही जोड, आपल्या ओळखीच्या वकीलबाईंना दाखवून घेऊ. पावसाची उघडीप मिळाली की कुडाळ-सावंतवाडीकडची कार्यालयं पाहायला दोघी जाऊ. मॅनेजर लोकांना या दिवसांत बोलायला वेळ असतो. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी