शोधनिबंधानंतरची बारा वर्षं

ग्रामीण आरोग्याच्या संशोधनात माझं बहुतेक आयुष्य गेलं. सर्वेक्षणं, अहवाल, निबंध आणि मग सरकारी बैठका. संशोधनाचं धोरण कसं होतं हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. मला जे उमगलं, त्यातलं बरंचसं गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेचं काम स्वतःच्या कामाशी ताडून बघताना उमगलं.

१. प्रश्न कोणता विचारला, तिथेच पुढचं बरंच ठरून जातं. १९८६ मध्ये ‘सर्च’चे संस्थापक डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले. त्या काळी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे सरकारी कागदावर बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच. राणीताईंनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. शंभरातल्या ब्याण्णव जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या सुमाराच्या प्रश्नावल्या मी चाळल्या आहेत. पाळणा कधी थांबवला याची नोंद सापडते, अंगावरून जातं का हे विचारलेलं क्वचितच सापडतं. बायका सांगत नव्हत्या, असं आपण म्हणत आलो. त्यांना विचारलं कुणी होतं?

२. उपाय ज्याच्या हाती द्यायचा, तो हात आधी नीट बघावा लागतो. खोकणाऱ्या बाळाला न्यूमोनिया आहे का, हे मिनिटाला किती श्वास पडतात यावरून कळतं. पण गावच्या दाईला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नसेल तर? ‘सर्च’ने मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ एकत्र बसवलेलं साधं उपकरण तयार केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर तो न्यूमोनिया. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद, म्हणून दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी मण्यांची वेगळी ओळ. वैद्यकीय निकष जराही सैल न करता तो निरक्षर बाईच्या बोटांपर्यंत नेता येतो, हे बघून मी थक्क झाले. इतकी बुद्धी आणि इतका आदर एकाच वस्तूत मी फारसा पाहिलेला नाही. दाईला मोजता येत नाही म्हणून तिला वगळणं किती सोपं होतं!

३. निकाल कितीही चांगला आला तरी शंका संपत नाहीत, आणि त्या संपाव्यात अशी अपेक्षाही धरू नये. गडचिरोलीतल्या एकोणचाळीस गावांमध्ये ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं: बाळ उबेत ठेवणं, वजन करणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. डिसेंबर १९९९ मध्ये या कामावरचा निबंध प्रसिद्ध झाला. जेमतेम शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, ही डॉक्टरांची धास्ती मला समजते. त्या धास्तीला उत्तर भाषणानं मिळणार नव्हतं. ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रात इतर सात ठिकाणी, इतर संस्थांच्या हातून तेच काम करून पाहिलं गेलं. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही अन्य राज्यांत ते तपासलं. केंद्र सरकारचा घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम आला तो २०११ मध्ये. निबंधापासून बारा वर्षांनी. संशोधनाला निधी तीन वर्षांचा मिळतो, त्यामुळे अशा बारा वर्षांत काम लावून धरणारं माणूस सहसा बिनपगारी असतं. निधी देणाऱ्यांनी याचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

४. धोरणाच्या दारातून संशोधन अख्खं आत जात नाही. आज या कार्यक्रमात आशाताई, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्या, बाळाच्या पहिल्या बेचाळीस दिवसांत घरी जातात: बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर सहा वेळा, घरी झालं असेल तर सात वेळा. त्याचे अडीचशे रुपये ठरले. इंजेक्शन मात्र आशांच्या हाती आलं नाही. आणखीही एक गोष्ट मागे राहिली, आणि मला ती जास्त सलते. आरोग्यदूतांच्या पाठीशी डॉक्टरांची नियमित देखरेख होती. चुकलं तर दाखवायला आणि जमलं तर पाठ थोपटायला कुणीतरी यायचं. भेटींची संख्या शासन निर्णयात लिहिता येते, अशी सोबत लिहिणं कठीण. तरीही देशभर बाळंतिणीच्या दारात कुणीतरी हक्कानं जातं, ही फार मोठी गोष्ट आहे.

५. आकडा मराठीत यावा. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने दाखवलं की महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत. तो वार्ताहरांनी वाचला, विधिमंडळात गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. इंग्रजी नियतकालिकात तेच आकडे वर्षानुवर्षं शांत पडून राहिले असते.

६. ज्यांच्या घरून माहिती आली, त्यांना निष्कर्ष आधी सांगायचा. एका गावात तराजू घेऊन गेले, तेव्हा एक आजी म्हणाल्या, “मागच्या खेपेला बी लेकराचं वजन लिहून नेलं होतं ना जी, मंग काय निघालं त्याच्यातून?” तेव्हापासून अहवाल वर पाठवण्याआधी आम्ही ग्रामपंचायतीसमोर बसून तो वाचून दाखवतो. अशाच एका बैठकीत आम्ही पावसाळ्यातले जास्तीचे मृत्यू दाखवत होतो. बायका म्हणाल्या, नाल्याला पूर आला की पलीकडच्या टोल्याचा रस्ताच बंद होतो, नर्सबाई येणार कुठून? आमच्या तक्त्यांत महिने होते, नाला नव्हता. आम्ही तो अहवालात घातला. पुढच्या वर्षी पलीकडच्या आशाताईकडे औषधांची पेटी मे महिन्यातच पोचली.